लॅक्स्टन: बांध नसलेलं गाव

नांगरट

आमच्या खटाव तालुक्यात 'बांध कोरणं' म्हणजे काय ते शाळकरी पोरालाही सांगावं लागत नाही. नांगर वळवताना शेजाऱ्याच्या बाजूची वीतभर माती आपल्यात ओढायची, पुढच्या साली आणखी वीतभर. दहा-बारा वर्षांत बांधाची सरी होते आणि दोन भावकीतल्या घरांचं एकमेकांच्या लग्नाला जाणं बंद होतं. आमच्या घरात हे झालं आहे, म्हणून हा धागा काढताना माझ्या मनात पहिल्यांदा तेच आलं.

नॉटिंगहॅममध्ये राहायला येऊन मला अकरा वर्षं झाली. इथून उत्तरेला, ऑलर्टन या छोट्या गावाच्या पूर्वेला काही मैलांवर लॅक्स्टन आहे. एक चर्च, एक पब, एक लांबलचक रस्ता आणि मोजकी माणसं. इंग्लंडमध्ये गावाबाहेर पडलं की सगळीकडे काटेरी झुडपांची कुंपणं दिसतात, हिरव्या गोधडीवर टाके घातल्यासारखी. लॅक्स्टनला गावाच्या कडेला गेलं की ती कुंपणं एकदम संपतात. समोर नजर पोचेल तिथपर्यंत उघडं रान आणि त्यात शेजारी शेजारी पडलेल्या लांब पट्ट्या. पट्ट्यांमध्ये तार नाही, झुडूप नाही, आपल्यासारखा मातीचा बांधही नाही. एकाचा गहू जिथे संपतो तिथे दुसऱ्याचा सुरू होतो.

मध्ययुगात इंग्लंडच्या मधल्या पट्ट्यातली बहुतेक गावं अशीच कसत होती. गावाभोवती दोन-तीन अवाढव्य शेतं, प्रत्येकाच्या पट्ट्या त्या सगळ्या शेतांत विखुरलेल्या. एका शेतात थंडीच्या आधी पेरायचा गहू, दुसऱ्यात वसंतात पेरायचं जवासारखं पीक, तिसरं पडीक. पुढच्या वर्षी चक्र एक घर पुढे. पडीक शेतात आणि कापणीनंतरच्या धसकटांत सगळ्या गावाची गुरं चरणार. त्यामुळे एकट्याला मनात येईल ते पेरता येत नसे. सगळ्यांनी एकाच वेळी पेरायचं, एकाच वेळी रान मोकळं करायचं. ही पद्धत बाकी इंग्लंडमधून गेली. लॅक्स्टनमध्ये साउथ फील्ड, मिल फील्ड आणि वेस्ट फील्ड ही तीन शेतं अजून तशीच कसली जातात. गावची सगळी जमीन अशी नाही हेही सांगते. बरीचशी कुंपणाखाली गेली आहे, म्हणजे एकेकट्याच्या तुकड्याभोवती कुंपण पडलं आहे. उघडी राहिलेली शेतं मिळून पाचशे एकरांच्या थोडी आत भरतील.

मी गेले ती वेळ मुद्दाम साधली होती. नोव्हेंबरच्या शेवटी 'ज्युरी डे' असतो. गावच्या शेतकऱ्यांतून आधीच शपथ देऊन नेमलेले पंच ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बसून त्या वर्षी गहू पेरलेल्या शेतात जातात. कारण नांगर नुकताच फिरलेला असतो, कोण कुठपर्यंत गेला ते मातीत स्पष्ट दिसतं. मग चालत चालत एकेका पट्टीची हद्द बघायची. जिथे खूण पुसट झाली असेल तिथे लाकडी खुंटी ठोकायची. पट्टीच्या टोकाला जी सामाईक गवताची वाट असते तिच्यात कुणाचा नांगर घुसला असेल तर नोंद करायची. मी रस्त्याच्या कडेला उभी होते, वारा असा की डोळ्यांतून पाणी. खुंटीवर मोगरी पडल्याचा आवाज मात्र लांबपर्यंत येत होता. एक जण खुंटी धरणार, एक ठोकणार, बाकीचे मागे सरून रेषेत आहे का ते एक डोळा मिटून बघणार. अगदी आपल्याकडे मांडवाचे खांब बघतात तसं.

पुढच्या आठवड्यात गावच्या डोव्हकॉट नावाच्या पबमध्ये 'कोर्ट लीट' बसतं. जमीनमालकाच्या वतीने एक कारभारी अध्यक्ष असतो, पंच आपली नोंद मांडतात, ज्याने जास्त नांगरलं त्याला दंड होतो आणि पुढच्या वर्षीचे पंच शपथ घेतात. दंड अगदी किरकोळ असतो. पण तो सगळ्या गावासमोर नाव घेऊन होतो.

१९७७ च्या एका कायद्याने इंग्लंडमधल्या अशा जुन्या जहागिरी कोर्टांचे न्यायनिवाड्याचे अधिकार संपवले. लॅक्स्टनच्या कोर्टाचं शेतांच्या देखरेखीचं काम तेवढं शाबूत ठेवलं गेलं. डेव्हनमधलं ब्राउंटन किंवा लिंकनशरमधला अ‍ॅक्सहोमचा भाग, इथे उघड्या पट्ट्या अजून दिसतात, पण पट्ट्या आणि त्यांच्यावर देखरेख करणारं गावचं कोर्ट, दोन्ही एकत्र असलेलं गाव हेच.

अजून एक गोष्ट सांगून थांबते. १६३५ मध्ये मार्क पियर्स नावाच्या मोजणीदाराने या गावाचा नकाशा केला. तो आज ऑक्सफर्डच्या बॉडलियन ग्रंथालयात आहे, गावात त्याची नक्कल पाहायला मिळते. दोन हजारांहून जास्त पट्ट्या, प्रत्येकीचा कसणारा आणि क्षेत्र सोबतच्या वहीत. आणि नकाशाच्या मोकळ्या जागांत चित्रं: नांगर धरलेला माणूस, कापणी करणारी माणसं, शिकारी. मी त्या नकाशावर बोट ठेवून मग बाहेर जाऊन त्याच वाटेने चालले. वाट आहे तिथेच आहे.

शेतीतले, मोजणीतले, इतिहासातले जाणकार इथे आहेत. तुम्हाला यात काय दिसतं ते वाचायला आवडेल.

माळरान

सुंदर लिहिलंय. एकच प्रश्न. बाकी सगळ्या देशात ही पद्धत मोडली तर इथेच का टिकली? गावकऱ्यांनी काही आंदोलन वगैरे केलं होतं का?

साखळी३३

मी भूमी अभिलेख खात्यात चौतीस वर्षं भूकरमापक म्हणून काढली, त्यामुळे मला यात आपलं पुष्कळ काही दिसतं.

पहिली गोष्ट मोजमापाची. इंग्लंडच्या त्या लांब पट्टीला लांबी मिळाली ती बैलांमुळे. जड चिकणमातीत बैल एका दमात जेवढं तास ओढू शकतील ती लांबी म्हणजे फर्लांग, ६६० फूट. रुंदी ६६ फूट. ६६० गुणिले ६६ म्हणजे ४३,५६० चौरस फूट, हाच एकर. दिवसभराच्या नांगरटीचं रान, असा त्याचा मूळ हिशेब. १६२० मध्ये एडमंड गंटर या गणितज्ञाने मोजणीसाठी बरोबर ६६ फुटांची साखळी काढली.

आता आपल्याकडे या. १८३० च्या दशकात गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी इंदापूरपासून जी जमीन पाहणी सुरू केली, तिच्यातून मुंबई इलाख्याची मोजणी उभी राहिली. आमची साखळी ३३ फुटांची, म्हणजे गंटरच्या साखळीच्या बरोबर निम्मी, आणि तिचे भाग सोळा आणे. ३३ गुणिले ३३ म्हणजे १,०८९ चौरस फूट, तो आपला गुंठा. चाळीस गुंठे म्हणजे ४३,५६०. आपण बोलताना जे गुंठे मोजतो त्याच्या पोटात लॅक्स्टनसारख्या शेतातल्या बैलांचा दम आहे. नोकरीत मी हजारो वेळा साखळी टाकली, पण हे कुणी मला सांगितलं नव्हतं, निवृत्तीनंतर वाचताना कळलं. त्या दिवशी मी घरात सगळ्यांना धरून धरून हे सांगत होतो.

दुसरी गोष्ट. धागाकर्तीताई, त्या पट्ट्या सरळ होत्या का किंचित वाकड्या? जुन्या पट्ट्या लांब सपाट इंग्रजी 'S' सारख्या वळलेल्या असतात असं वाचलं आहे.

नांगरट

साखळी३३ काका, हे वाचून मी कागदावर गुणाकार करून पाहिला. अंगावर शहारा आला. बाबांना फोन करून सांगितलं, ते म्हणाले, "मग आपला गुंठा इंग्रजाच्या बैलाचा म्हणायचा."

हो, वळण आहे. आता ट्रॅक्टर आल्यावर आणि पट्ट्या एकत्र करून मोठ्या केल्यावर बऱ्याच सरळ झाल्या, पण आसपासच्या जुन्या कुरणांत गवताखाली वरंबे दिसतात, त्यांना ते वळण नीट आहे. कारण असं की बैलांच्या जोड्या एकामागे एक, कधी कधी आठ बैल. टोकाला पोचल्यावर एवढी लांब रांग जागच्या जागी वळत नाही. म्हणून तास संपायच्या आधीच डावीकडे कलायला लागायचं. शेकडो वर्षं असं कलून कलून जमिनीलाच बाक आला.

आणि आठ बैल एकाच्या दावणीला कुठून असणार? दोन याचे, दोन त्याचे. आजोबा सांगायचे की काळ्या रानातली हरळी काढायला आठ बैलांचा नांगर लागायचा आणि त्यासाठी चार घरांची सावड असायची, इर्जिक असेल तर जेवण. एकमेकांचे बैल एकमेकांच्या रानात जाणार असतील तर पट्ट्या शेजारी शेजारी असणं सोयीचंच.

माळरान, तुमच्या प्रश्नाचं उत्तर थोडं मोठं आहे, रात्री लिहिते.

कुळागर

मी सासष्टीचा. धागा वाचून आमच्या गांवकारीची आठवण येणं अपरिहार्य आहे. पोर्तुगीज येण्याच्या आधीपासून गोव्यात गावची शेतजमीन एकेकट्याची नव्हती, मूळ गांवकार घराण्यांच्या समूहाची होती. १५२६ मध्ये आफोंसो मेशिया या अधिकाऱ्याने गावांचे चालत आलेले रीतीरिवाज लिहून काढले, तो दस्तऐवज 'फोराल' म्हणून ओळखला जातो. पुढे पोर्तुगीजांनी या संस्थांना कोमुनिदाद म्हटलं आणि त्यांची संहिता केली.

शेतं ठरावीक मुदतीसाठी पावणीला निघायची, म्हणजे गावच्या बैठकीत बोली लावून कसायला घ्यायची. त्यातून बांधांची डागडुजी, देवळाचा खर्च, गावच्या नोकरांचं मानधन, आणि उरलेल्यातून गांवकारांना वार्षिक वाटा, ज्याला आम्ही जोण म्हणतो. खाजन शेतांत, म्हणजे खाडीकाठी बांध घालून केलेल्या शेतांत, खारं पाणी आत घेणाऱ्या-बाहेर सोडणाऱ्या मानशीवरच्या मासेमारीचीही पावणी होते. लहानपणी आजोबांसोबत मी एका पावणीला गेलो होतो. कोण किती बोलतो यापेक्षा कोण कोणाविरुद्ध बोलत नाही, याकडे सगळ्यांचं लक्ष असायचं, हे आजोबांनी घरी येताना समजावलं.

फरक मात्र मोठा आहे. लॅक्स्टनला वरती एक जमीनदार कायम दिसतो. आमच्याकडे गांवकार स्वतःच धनी होते. आणि १९६४ च्या कूळ कायद्यानंतर भातशेतीच्या पावणीचा जीवच गेला. जो कसत होता त्याला हक्क मिळाला, ते न्यायाचंच झालं. पण बांध कोणी सांभाळायचे हा प्रश्न तेव्हापासून लोंबकळतोय, आणि किती खाजनं खाऱ्या पाण्याखाली गेली ते आमच्या डोळ्यांसमोर आहे. लॅक्स्टनमध्ये अशी पावणीसारखी काही गोष्ट आहे का?

नांगरट

कुळागर, आहे! शेतांच्या मधल्या सखल, पाणथळ जागा, जिथे नांगर चालत नाही, त्यांना तिकडे 'साइक' म्हणतात. ते गवत सामाईक. दर उन्हाळ्यात त्याचा लिलाव होतो, ज्यांचा गावच्या शेतांत हक्क आहे त्यांच्यात. या न नांगरलेल्या पट्ट्यांत रानफुलांच्या अशा जाती टिकल्या आहेत की वनस्पतीचे अभ्यासक मुद्दाम येतात. कोर्टाचं बरंचसं लक्ष याच गवतावर असतं, कारण शेजाऱ्याची पट्टी कोरली तर शेजारी ओरडतो, सामाईक गवत कोरलं तर कोण ओरडणार? म्हणून पंच.

गावात कोंडवाडाही आहे. मोकाट गुरं धरून आणणारा एक माणूस नेमलेला असे. कोंडवाडा पाहिला आणि मला आमच्या चावडीमागचा कोंडवाडा आठवला, तिथे आमची म्हैस एकदा दोन दिवस होती.

आता माळरानच्या प्रश्नाकडे. आंदोलन वगैरे काही झालं नाही. खरं कारण ऐकून आधी माझा हिरमोड झाला होता. गावात दोन मोठे जमीनदार होते. बहुतेक गाव मॅनव्हर्स या उमराव घराण्याचं, पण बऱ्याच पट्ट्या स्कार्बरो या दुसऱ्या उमरावाच्या. कुंपण घालायचं म्हणजे आधी दोघांच्या पट्ट्यांची अदलाबदल करून एकत्र तुकडे पाडायचे. त्यावर त्यांचं कधी धड जमलं नाही. वाटाघाटी होत राहिल्या, वर्षं जात राहिली. १८७० नंतर परदेशी धान्य येऊन शेतमालाचे भाव पडले, मग नवीन कुंपणं, नवीन घरं, नवीन नाल्या यावर खर्च कोण करणार? विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तोपर्यंत उघडं असलेलं चौथं शेत, ईस्ट फील्ड, कुंपणाखाली गेलं, बाकीच्या तिघांतल्या पट्ट्या एकत्र करून मोठ्या केल्या, आणि तिथेच ते थांबलं.

म्हणजे टिकलं ते अडून राहिल्यामुळे. पण १९५२ ला पारडं बदललं. तेव्हाच्या मॅनव्हर्स उमरावाने गाव विकायला काढलं आणि ही पद्धत जपायची म्हणून सरकारच्या शेती मंत्रालयाने ते विकत घेतलं. १९८१ मध्ये ते राजघराण्याच्या मालमत्तेचं व्यवस्थापन करणाऱ्या क्राउन इस्टेटकडे गेलं. आणि २०२० मध्ये परत थोर्सबी इस्टेटकडे, म्हणजे जुन्या मॅनव्हर्स घराण्याच्याच वारसांकडे. मालक बदलत गेले, नोव्हेंबरची फेरी चुकली नाही. कागदावरचा मालक कोण यापेक्षा ती फेरी मारणारी माणसं गावात आहेत का, हा प्रश्न मला जास्त मोठा वाटायला लागला आहे. कसणारी घरं आता चौदा-पंधरा उरली आहेत.

दप्तरखाना

बऱ्याच दिवसांनी लिहितेय, पण हे लिहिल्यावाचून राहवत नाही. नांगरट, १६३५ चा तो नकाशा कुणी करून घेतला ते तुम्ही लिहिलं नाही, आणि तिथेच आपला कोकण येतो!

नकाशा करून घेतला सर विल्यम कोर्टीन याने. हा लंडनचा मोठा व्यापारी. बाप फ्लँडर्समधून धर्मछळाला कंटाळून पळून आलेला कापडवाला. पोराने व्यापार एवढा वाढवला की राजे त्याच्याकडून कर्ज घेत. बार्बाडोसवर १६२७ मध्ये इंग्रजांची पहिली वसाहत झाली ती याच्या पैशावर. लॅक्स्टनची जहागीर त्याने काही वर्षं आधी विकत घेतली होती आणि आपण नेमकं काय घेतलंय हे पाहायला मोजणी लावली.

आणि त्याच १६३५ सालाच्या शेवटी पहिल्या चार्ल्स राजाने ईस्ट इंडिया कंपनीची मक्तेदारी डावलून पूर्वेकडच्या व्यापाराचा परवाना कोर्टीनच्या मंडळीला दिला. एप्रिल १६३६ मध्ये कॅप्टन वेडेलच्या हाताखाली जहाजं निघाली, त्याच वर्षाच्या पावसाळ्यानंतर गोव्यात पोचली. गोव्याहून पुढे भटकळ. नंतर कारवार आणि आपलं राजापूर, इथेही कोर्टीन मंडळीने वखारी घातल्या. कोर्टीन स्वतः जहाजं निघाल्यावर लगेच, १६३६ मध्येच, कर्जाच्या डोंगराखाली वारला. पुढचा खेळ त्याच्या मुलाने चालवला आणि तो बुडाला. लॅक्स्टनही हातचं गेलं, ते पियरपाँट घराण्याकडे, ज्यांच्यातून पुढे मॅनव्हर्स झाले.

एक खुलासा आधीच करते, कारण कुणीतरी विचारणारच. शिवाजी महाराजांनी १६६१ मध्ये राजापूरची जी वखार लुटली ती ईस्ट इंडिया कंपनीची होती. पन्हाळ्याच्या वेढ्यात इंग्रजांनी सिद्दी जौहरला तोफगोळ्यांची मदत केली त्याचा तो हिशेब. कोर्टीनचा कारभार तोवर संपला होता.

पण विचार करा. ज्या साली नॉटिंगहॅमशरच्या चिखलात मार्क पियर्सचे मोजणीदार पट्टीपट्टीवर फिरत होते, त्याच साली त्या गावाचा मालक लंडनमध्ये बसून पश्चिम किनाऱ्यावरच्या मिरीचा हिशेब करत होता. लॅक्स्टनच्या कुळांना राजापूर माहीत नव्हतं, राजापूरच्या वाण्याला लॅक्स्टन. दोघंही एकाच वहीत होते. मी राजापूरचीच आहे, वखारीच्या जागेवरून शाळेत जायचे. हे नातं मला दोन वर्षांपूर्वी कळलं आणि तेव्हापासून त्या नकाशाची प्रत माझ्या टेबलासमोर लावलेली आहे.

माळरान

दप्तरखाना, हा प्रतिसाद वेगळा धागा व्हायला हवा. नांगरट, उत्तराबद्दल आभार.

काळीआई

सगळ्यांचं वाचलं. एक बाजू राहतेय ती मांडते.

या पंचांत कोण बसायचं? ज्याच्याकडे पट्टी आहे तो. ज्याच्याकडे एकही पट्टी नाही, जो दुसऱ्याच्या पट्टीवर राबतो, त्याला त्या कोर्टात जागा नव्हती. त्याच्याकडे फार तर एक गाय आणि ती सामाईक रानात चारायची मुभा. आमच्या गावात गायरान होतं. त्यावर आमच्या वाड्यातली माणसं शेळ्या-मेंढ्या चारायची, सरपण आणायची. पण गावकीच्या बैठकीत आम्ही पायरीखाली उभे. गावाने मिळून ठरवलं, असं जिथे जिथे लिहिलेलं असतं, तिथे मी आधी विचारते की ते गाव म्हणजे किती घरं.

लॅक्स्टन वाईट आहे असं माझं म्हणणं नाही. वरच्या वर्णनात ते मजूर कुठे दिसले नाहीत, एवढंच.

नांगरट

काळीआई, तुम्ही म्हणता ते खरं आहे आणि ते मी पहिल्याच लेखात लिहायला हवं होतं. लॅक्स्टनमध्ये चराईचा हक्क घर-जागेला जोडलेला होता, त्याला तिथे 'गेट' म्हणतात. ज्याच्या जागेला तो हक्क, त्याची एवढी मेंढरं. ज्याच्याकडे तशी जागा नाही तो कुणाच्या तरी मर्जीवर. पंच, कारभारी, दंड, सगळं जमीनदाराच्या नावाने चालायचं. ते लोकशाही गाव होतं असा समज माझ्या लिहिण्याने झाला असेल तर तो चुकीचा आहे.

पण कुंपणं पडल्यावर तुम्ही म्हणता त्या माणसाचं काय झालं तेही लिहिते, कारण लॅक्स्टनचं महत्त्व मला त्यातूनच कळलं. १६०४ ते १९१४ या काळात इंग्लंडच्या संसदेने कुंपणाचे पाच हजारांहून अधिक कायदे केले. एकेका गावाचा एकेक कायदा. देशाच्या एकपंचमांशाहून थोडी जास्त जमीन, सुमारे ६८ लाख एकर. गावात आयुक्त येणार, मोजणी होणार, ज्याचा लेखी हक्क त्याला त्या प्रमाणात एकत्र तुकडा. कायद्याचा, मोजणीचा आणि कुंपणाचा खर्च ज्याचा त्याने करायचा. पाच एकरवाल्याला तो झेपत नसे, तो तुकडा विकून मोकळा होई. आणि ज्याची गाय नुसत्या वहिवाटीने चरत होती, कागद नव्हता, त्याला काहीच नाही. आर्थर यंग हा शेतीवर लिहिणारा माणूस आधी कुंपणांचा खंदा पुरस्कर्ता होता. गावोगाव फिरून आल्यावर १८०१ मध्ये त्याने लिहिलं की बहुतेक कुंपणांत गरिबाचं नुकसानच झालं. तेव्हाच्या नॉर्थहॅम्प्टनशरमधल्या हेल्पस्टन गावचा जॉन क्लेअर हा शेतमजूर कवी, त्याच्या गावाचा कायदा १८०९ चा. लहानपणी ज्या माळावर तो गुरं राखायचा तिथे त्याच्या डोळ्यांसमोर प्रवेशबंदीच्या पाट्या लागल्या. ते दुःख त्याच्या कवितेतून आयुष्यभर गेलं नाही.

म्हणजे उघड्या शेतांत मजुराला आवाज नव्हता, पण गाय होती. कुंपणानंतर गायही गेली. गायरानाबद्दल तुम्ही लिहिलंत, तिथे आता काय आहे?

काळीआई

अर्ध्यावर सरकारी इमारत, अर्ध्यावर अतिक्रमण. आईची शेळी होती ती विकली.

साखळी३३

काळीआई यांचं वाचून थोडा वेळ काही लिहावंसं वाटलं नाही.

कुंपणाच्या कायद्यावरून आपला १९४७ चा कायदा आठवणं साहजिक आहे, तुकडेबंदी आणि तुकडेजोड. हेतू तोच: चार ठिकाणचे तुकडे एका जागी आणायचे, शेतकऱ्याची वणवण वाचवायची. एकत्रीकरण योजना गावोगाव राबवली, सर्व्हे नंबर जाऊन गट नंबर आले. मी नोकरीला लागलो तेव्हा ते काम बऱ्याच गावांत चालू होतं किंवा नुकतं उरकलं होतं. आजही कचेरीत म्हातारी माणसं एकत्रीकरणाचे ९(३), ९(४) चे उतारे मागायला येतात. कागदावर अदलाबदल झाली, जागेवर माणसं जुन्याच ठिकाणी कसत राहिली, आणि दोन पिढ्यांनी वाद उभा राहिला, अशी प्रकरणं मी स्वतः मोजली आहेत.

त्याचं एक कारण मला अनुभवाने कळलं. आपल्या लोकांना तुकडे विखुरलेले हवे होते. भाऊवाटणीत बाप प्रत्येक पोराला विहिरीजवळचा एक, माळाचा एक, ओढ्याकाठचा एक तुकडा द्यायचा. जास्त पाऊस झाला तर माळ पिकेल, कमी झाला तर ओढाकाठ. आम्ही साहेब लोक त्याला अडाणीपणा म्हणायचो. लॅक्स्टनच्या पट्ट्याही तीन शेतांत आणि चांगल्या-वाईट मातीत वाटलेल्या होत्या, त्यामागे हाच हिशेब असावा असं मला वाटतं.

दुसरं. आमच्याकडे हद्द कायम करायला अर्ज येतो तो भांडण पेटल्यावर. मोजणीची फी भरायची, तारीख मिळायची, दोन्हीकडची माणसं काठ्या घेऊन उभी. आम्ही साखळी टाकून, पुढे यंत्र लावून, हद्द दाखवायची, दगड रोवायचे. महिन्याभरात दगड गायब. कारण तो दगड सरकारी माणसाने रोवलेला असायचा, तो तर गाडीत बसून निघून गेला. लॅक्स्टनची खुंटी शेजाऱ्याने ठोकलेली आहे, आणि तो संध्याकाळी पबमध्ये समोर बसणार आहे. मी चौतीस वर्षांत किती दगड रोवले असतील. हे वाचून वाटलं, पाच-दहा गावांत तरी दर दिवाळीनंतर गावच्याच माणसांना घेऊन शिवारफेरी लावता आली असती. मोजणीसाठी नाही, फक्त बघायला. त्याला कुठल्या परिपत्रकाची गरज नव्हती.

कुळागर

काका, तुमच्या शेवटच्या वाक्याशी पूर्ण सहमत. आमच्याकडे अजूनही काही गावांत खाजनाचे बांध पावसाआधी मिळून बघायला जातात. जिथे जातात तिथे बांध उभे आहेत.

दप्तरखाना

नांगरट, एक विनंती. चर्चमध्ये ओकच्या लाकडात कोरलेली मध्ययुगीन स्त्रीची मूर्ती आहे ना? एव्हरिंगहॅम घराण्यातली, ज्यांच्याकडे शेरवुडच्या जंगलाची राखण होती. दगडाच्या पुष्कळ असतात, लाकडाची त्या परगण्यात ती एकच म्हणतात. पुढच्या वेळी गेलात तर नीट बघून लिहा. आणि चर्चच्या उत्तरेला नॉर्मन किल्ल्याची मातीची टेकडी आहे तिच्यावर चढा, तिथून शेतं दिसत असतील.

नांगरट

टेकडीवर गेले होते. किल्ल्याचं बांधकाम काहीच उरलं नाही, नुसता मातीचा डोंगर आणि त्यावर मेंढ्या. वरून गाव पाहिलं की एक गोष्ट लगेच दिसते: सगळी शेतघरं गावच्या रस्त्यालाच लागून आहेत, बरीचशी रस्त्याकडे कूस करून. कुंपणं पडलेल्या गावांत शेतकरी आपल्या एकत्र तुकड्यावर घर बांधून गावाबाहेर गेले. इथे तुकडे चहूकडे, म्हणून घर मध्येच ठेवावं लागलं. वस्तीवर राहायला गेलेली आमची चुलत घरं आठवली.

मूर्ती घाईत पाहिली, नीट नाही. पुन्हा जाणारच आहे. बाबा मे महिन्यात येतायत, तीन महिने राहतील. साखळी३३ काकांचा शिवारफेरीचा प्रतिसाद त्यांना वाचून दाखवला. ते बराच वेळ काही बोलले नाहीत, मग विचारलं, "खुंटी कुठल्या लाकडाची असते?" मला सांगता आलं नाही. साइकच्या गवताचा लिलाव उन्हाळ्यात असतो तेव्हा त्यांना घेऊन जाते, ते स्वतःच हातात घेऊन बघतील. मग इथे लिहिते.